लेडी जमशेटजी कोण? गोऱ्या मडम नव्हेत

दादरहून माहीमकडे जाताना दुकानांच्या पाट्यांवर ‘एल. जे. रोड’ दिसतं. यातली ‘एल.’ म्हणजे लेडी, आणि ही लेडी कुणा इंग्रज अधिकाऱ्याची बायको, असा समज आजही सर्रास ऐकू येतो. माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरून वांद्र्याला जाणारा रस्ता, तर सरकारनेच बांधला, हेही त्याला जोडून सांगतात. दोन्ही चुकीचं.

लेडी जमशेटजी म्हणजे आवाबाई, पारशी व्यापारी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी. जमशेटजींना १८४२ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यावरून आवाबाई लेडी झाल्या.

तेव्हा माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि ये-जा होडीने चाले. पावसाळ्यात तर जिवाशीच गाठ. खाडीवर रस्ता बांधण्यासाठी आवाबाईंनी आधी १ लाख आणि खर्च वाढल्यावर आणखी ५७ हजार रुपये दिले. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. देणगीला त्यांची एक अट होती: इथून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. मला ही अट रकमेपेक्षा मोठी वाटते. डोक्यावर टोपली घेऊन वांद्र्याहून येणारी कोळीण आणि घोडागाडीतला शेठ, दोघांनाही वाट फुकट.

जमशेटजींचं नाव भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यातल्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यालाही त्यांनी मोठी रक्कम दिली. कॉजवेचं श्रेय मात्र आवाबाईंचं.