अधिकर्ष शुल्क

खात्यात पुरेशी शिल्लक नसतानाही बँकेने एखादे देणे भागवले, तर खातेदाराकडून वसूल होणारी ठराविक रक्कम. व्यवहारात ‘ओव्हरड्राफ्ट चार्ज’ हाच शब्द रूढ आहे. उणे रकमेवरील व्याज आणि चेक न वटता परत गेल्याबद्दलचा आकार हे यापासून वेगळे होत.

अधिकर्षाचा आरंभ बहुधा १७२८ हा मानला जातो. त्या वर्षी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने एडिंबरोचा व्यापारी विल्यम हॉग याला खात्यातील रकमेपेक्षा १,००० पौंडांपर्यंत जास्त उचलण्याची मुभा दिली. गिऱ्हाइकांकडून वसुली होण्याआधीच माल पुरवणाऱ्यांची देणी अंगावर येत, ही व्यापाऱ्यांची नेहमीची अडचण त्यामुळे सुटली. मात्र ‘जगातील पहिला अधिकर्ष’ हे बिरुद जपूनच वापरावे. लंडनचे सुवर्णकार-पेढीवाले सतराव्या शतकातच चालती खाती ठेवत आणि कर्जेही देत; तेव्हा एखादे खाते उणे जाणे त्याआधी घडलेच नसेल, असे म्हणणे कठीण आहे. आगाऊ करार आणि ठरलेली मर्यादा हे १७२८ च्या व्यवहाराचे वेगळेपण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. स्कॉटलंडमधील अशा ‘कॅश अकाउंट’चे वर्णन अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये केले आहे: दोन भक्कम जामीनदार, थोडी थोडी परतफेड करण्याची सोय आणि प्रत्यक्ष वापरलेल्या रकमेवरच व्याज. दर व्यवहारामागे ठोक दंड या वर्णनात नाही. तो अधिकर्षाचा मूळ घटक नव्हे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

शुल्काचा बोजा किती पडेल, हे नोंदींच्या क्रमावर फार अवलंबून असते. समजा, खात्यात १०० डॉलर आहेत आणि एकाच दिवशी १०, २०, १५ व ९० डॉलरचे खर्च याच क्रमाने झाले. त्याच क्रमाने नोंद झाली, तर फक्त शेवटचा खर्च शिलकीपलीकडे जातो. बँकेने मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत अशा उतरत्या क्रमाने खर्च वळते केले, तर ९० डॉलर निघून १० उरतात आणि उरलेले तिन्ही खर्च उणे ठरतात. दर खेपेस ३५ डॉलर धरल्यास ३५ च्या जागी १०५ डॉलर जातात. खातेदाराने मात्र दोन्ही वेळा सारखेच पैसे खर्च केलेले असतात. या पद्धतीवरून अमेरिकेत अनेक दावे झाले. वेल्स फार्गो बँकेला कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने २०१० मध्ये सुमारे २० कोटी ३० लाख डॉलर परत करण्याचा आदेश दिला.

असे शुल्क म्हणजे सेवेची किंमत की दंड, यावर मतभेद आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते बँकसेवेच्या किमतीचाच भाग ठरवले. त्यामुळे ग्राहक-करारांच्या नियमांखाली रकमेचा वाजवीपणा तपासता येईना. पुढे तेथील वित्तीय नियामकाने एप्रिल २०२० पासून ठोक शुल्के बंद करून केवळ वार्षिक व्याजदर ठेवला. पूर्वमंजुरीविना झालेल्या अधिकर्षाचा दर मंजूर अधिकर्षापेक्षा जास्त असू नये, असेही बंधन घातले. वापराच्या प्रमाणात व्याज हे तत्त्व स्मिथच्या वर्णनाशी जुळते आणि ठोक शुल्कापेक्षा न्याय्य वाटते. अमेरिकेत मोठ्या बँकांना शुल्कासाठी ५ डॉलरची मर्यादा हा एक पर्याय देणारा नियम डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. पण अंमलापूर्वीच, २०२५ मध्ये, तेथील संसदेने तो रद्द केला.

खातेदाराच्या हाती असलेले उपाय करारावर अवलंबून असतात. अमेरिकेत २०१० पासून एटीएम आणि डेबिट कार्डाच्या एकेका खरेदीवर हे शुल्क घेण्यासाठी आधी संमती लागते आणि ती केव्हाही मागे घेता येते. मग असा व्यवहार शिल्लक नसल्यास सहसा जागीच नाकारला जातो. चेक आणि खात्यातून आपोआप वळते होणारे हप्ते या संरक्षणात येत नाहीत. त्यांच्यासाठी बचत खाते जोडून घेणे किंवा हप्त्याची तारीख पगारानंतरची ठेवणे उपयोगी पडते. शिल्लक पाहताना कार्डाने केलेल्या, पण अजून नोंद न झालेल्या खरेद्या वजा धराव्यात. शुल्क लागलेच, तर खात्याचा उतारा काढून नोंदींचा क्रम आणि वेळ तपासावी व परताव्याची लेखी मागणी करावी. पहिल्याच खेपेस झालेली आकारणी अनेक बँका मागणी केल्यावर माफ करतात.