एका सिनेमानंतरचा मेंदू

नाशिकला शूटिंग आलं की गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, गर्दी जमते. हल्ली त्या गर्दीत 'आमच्या पोराला एक चान्स द्या ना साहेब' म्हणणारे आईबापही असतात. अनुभव नसला तरी चालेल, चेहरा 'रॉ' पाहिजे, असं दिग्दर्शकच सांगतात. मग एखाद्याचा सिनेमा तुफान चालतो, दुसरा मिळत नाही, पोरगं घरात बसतं आणि गल्ली निकाल देऊन मोकळी होते: डोक्यात हवा गेली होती! मला या निकालाचा राग येतो, कारण त्यात मेंदूचा विचारच नाही.

न शिकलेले कलाकार आपल्याला नवे नाहीत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती शोधली ती उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांमध्ये. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण म्हणजे त्यांचीच मुलगी मंदाकिनी. पुढे 'पथेर पांचाली'तला छोटा अपू पुन्हा पडद्यावर आलाच नाही. 'सलाम बॉम्बे'तल्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नंतर तो बेंगळुरूत रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं आता शाळकरी पोरंही सांगतात. प्रकरण इतकं सोपं नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युतसंदेश टिपले. माकडाच्या जिभेवर अचानक फळाचा रस पडला की पेशी तडतडायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनंतर पेशी दिव्यालाच तडतडू लागल्या, रस आला तरी ढिम्म. खरी गंमत पुढे आहे. दिवा लावला आणि रस दिलाच नाही, तेव्हा रस यायच्या नेमक्या क्षणी पेशींचा नेहमीचा संथ ठेकाही बंद पडला. म्हणजे मेंदू वाट बघत होता, तीही घड्याळ लावून.

१९९७ मध्ये शुल्ट्झ, दायान आणि माँटेग्यू यांनी 'सायन्स' नियतकालिकात याचं गणित मांडलं. या पेशी मोजतात ती अंदाजातली चूक: मिळालेलं बक्षीस, अधिक पुढच्या क्षणाकडून असलेली अपेक्षा (ती थोडी कमी धरून), वजा आत्ताची अपेक्षा. उत्तर धन आलं तर अपेक्षा वर सरकते, ऋण आलं तर खाली, शून्य आलं तर शिकण्यासारखं काही उरत नाही. यंत्रांना शिकवण्यासाठी सटन आणि बार्टो या संगणकशास्त्रज्ञांनी हेच सूत्र आधी तयार केलं होतं. सूत्र डोक्यावरून गेलं असेल तर लासलगावला जा. कांद्याला अठराशेचा भाव फुटला की आठशेची आशा धरून आलेला खूश होतो आणि तीन हजारांच्या हिशोबाने ट्रॅक्टर भरून आणलेला कपाळाला हात लावतो. भाव दोघांना एकच.

आता सोळा वर्षांच्या पोराचा पहिला सिनेमा घ्या. अपेक्षा जवळजवळ शून्य आणि मिळालं सगळं गाव. एवढी मोठी धन चूक आयुष्यात क्वचित होते. पण ती जमा कशाच्या नावावर करायची? नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात प्रयोग करून आलेल्या नटाला ठाऊक असतं की टाळी कुठल्या वाक्यावर पडली आणि काल का पडली नव्हती. या पोराला तर सांगितलेलं असतं, 'तू जसा आहेस तसाच राहा.' मग श्रेय चिकटतं आजूबाजूच्या खुणांना: वाजणारा फोन, वळून बघणारे लोक, सेल्फी. हेच त्याचे दिवे. वर्षभरानंतरही फोन वाजतो आणि निघतो लोनवाल्याचा. माकडापासून नटापर्यंतची ही उडी माझी आहे, पण मला ती पटते.

अपेक्षा विझायला हवी, पण तीही नीट विझत नाही. गणपतीत एखादं मंडळ आरतीला बोलावतं, कुठे दुकानाची फीत कापायला मिळते. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर दाखवलं होतं. त्यात वय आडवं येतं. मानसशास्त्रज्ञ लिआ सोमरव्हिल यांच्या २०१३ च्या प्रयोगात मुलांना फक्त एवढंच सांगितलं, की कॅमेऱ्यातून तुमच्या वयाचं कुणीतरी तुम्हाला बघतंय. तेवढ्यावर किशोरवयीनांना ओशाळल्यासारखं होई आणि अंगावरचा घामही बदले. इथे तर अख्खा महाराष्ट्र बघत असतो.

अशा वेळी घरचे त्र्यंबकला कालसर्प शांती करून येतात. राहू-केतूंना बॉक्स ऑफिसशी काय देणंघेणं, देव जाणे. मोबाइलवर विकला जाणारा 'डोपामिन डिटॉक्स' मला त्याच पंगतीतला वाटतो. चार दिवस फोन बंद ठेवल्याने डोपामिन धुऊन निघत नाही.

बालकलाकारांना दिवसाला पाचच तास काम आणि कमाईतला किमान २० टक्के भाग त्यांच्या नावे मुदत ठेवीत, असे नियम २०१७ पासून आहेत. पण ते बालकामगार कायद्यातले, म्हणजे चौदा वर्षांखालच्यांसाठी. सोळाव्या वर्षी हिरो झालेला त्यात बसत नाही. त्याच्यासाठी एक स्वस्त उपाय दिग्दर्शकाच्या हातात आहे: एडिटिंगच्या टेबलाशी पोराला शेजारी बसवायचं, त्याचे वाया गेलेले टेक दाखवायचे, आणि सातवा का ठेवला ते सांगायचं.