बधिर तळव्याची गोष्ट

चैत्र लागला की नाशिकच्या दिंडोरी रोडवर वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेली माणसं दिसू लागतात. खानदेशातून येणाऱ्यांचे जथे वेगळेच. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण करत ते कित्येक दिवस चालत गडाखाली नांदुरीला पोहोचतात. पुष्कळांचा अनवाणी जायचा नवस असतो. दुपारच्या डांबरावर पाय टाकताना चालणारा माणूस आपसूक उड्या मारल्यासारखा चालतो, रस्त्याच्या कडेची माती शोधतो, झाडाची सावली शोधतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, तळवा शिकवतो. ज्याचा तळवा शिकवायचा थांबलेला असतो, तो मात्र सरळ चालत राहतो. संध्याकाळी मुक्कामाला पाय धुताना त्याला फोड दिसतात, आणि ते कधी आले हे सांगता येत नाही.

याच दिंडोरी रोडवर म्हसरूळला राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ सालापासून. या फाटकावरून जाणाऱ्या यात्रेकरूंपैकी 'साखर' असलेले किती, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. देशाचा आकडा मात्र आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला, त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे. मधुमेहाच्या संशोधनाची गोष्ट सांगताना लोक इन्सुलिनपासून सुरुवात करतात, आणि ते रास्तच आहे. पण त्या गोष्टीत पायाचा भाग फार उशिरा येतो. तो कुठून आला, हे मला जास्त नवलाचं वाटतं.

आपल्याकडे तशी नोंद जुनी आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांची, पूर्वरूपं म्हणजे आधी दिसणारी लक्षणं दिली आहेत. लघवीकडे मुंग्या धावतात हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच यादीत 'करपादयोः सुप्ततादाहौ' असंही आहे, म्हणजे हातापायांना बधिरपणा आणि आग. आज दवाखान्यात पेशंट जे सांगतो ते याहून वेगळं नाही. 'पायाला मुंग्या येतात', 'रात्री तळवे पेटतात', 'गादीवरून चालल्यासारखं वाटतं' आणि सगळ्यात बोलकं वाक्य, 'चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही'. मुंग्या दोन्हीकडे आहेत, गंमत एवढीच.

युरोपात लघवीच्या गोडीवर १६७४ मध्ये थॉमस विलिसने लिहिलं, आणि पुढची दोनशे वर्षं सगळ्यांचं लक्ष त्या गोडीवरच खिळून राहिलं. मधुमेह आणि सडणारं बोट यांचा संबंध मार्शल द काल्वी या फ्रेंच डॉक्टरने १८५२ च्या सुमारास मांडला. पण तेव्हा मधुमेही माणूस पाय सडेपर्यंत बहुधा जगतच नसे. तरुण असेल तर काही महिन्यांत बेशुद्ध होऊन जाई. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, मॅक्लाऊडच्या प्रयोगशाळेत कॉलिपने अर्क शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. माणसं जगू लागली, आणि जगलेल्या माणसांच्या पायांचा प्रश्न उभा राहिला.

तो पहिल्यांदा ठसठशीतपणे मांडला बॉस्टनच्या डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनी. १९३४ च्या लेखात त्यांनी दाखवलं की इन्सुलिन आल्यावर बेशुद्धीने होणारे मृत्यू झपाट्याने घटले, पण गँगरीनचे, म्हणजे पाय सडून होणारे, वाढले. त्यांचं म्हणणं होतं की हे गँगरीन आभाळातून पडत नाही, जमिनीवरच पैदा होतं. म्हणजे ते टाळता येतं. पेशंटला पाय धुवायला, पुसायला, रोज बघायला शिकवा, नखं नीट कापा, असं ते सांगत. नव्वद वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या पत्रकावर छापला तरी चालेल. पण तो रुजला नाही.

त्याचं एक कारण म्हणजे मधे शिरलेली एक चुकीची कल्पना. १९५९ मध्ये कापलेल्या पायांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून असा निष्कर्ष काढला गेला की मधुमेहात पायाच्या अगदी बारीक रक्तवाहिन्याच बंद होतात. बारीक वाहिन्या बंद म्हटल्यावर करायचं काय? शस्त्रक्रियेने त्या उघडता येत नाहीत. मग 'शुगरचा पाय आहे, कापावाच लागणार' हे वाक्य दवाखान्यादवाखान्यांत पक्कं झालं. १९६४ मध्ये नमुना कोणाचा आहे हे तपासणाऱ्याला न सांगता अभ्यास झाला, तेव्हा तसा फरक दिसला नाही. १९८४ मध्ये लोजर्फो आणि कॉफमन या डॉक्टरांनी ही समजूत सविस्तर खोडून काढली. मोठ्या वाहिन्या तुंबतात, गुडघ्याखालच्या विशेषकरून, पण पावलातल्या वाहिन्या बऱ्याचदा मोकळ्या असतात आणि तिथपर्यंत रक्त नेता येतं. पंचवीस वर्षं एका निष्कर्षापायी किती पाय गेले असतील याचा विचार न केलेलाच बरा. आपल्याकडे तर अजूनही वयस्कर माणसं हे वाक्य तस्संच उच्चारतात.

दुसरा धागा आपल्या देशातला आहे, आणि तो मधुमेहाचा नाहीच. तो कुष्ठरोगाचा आहे.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, मिशनरी आईबापांच्या पोटचा. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन म्हणून आले. तोपर्यंत डॉक्टरांपासून गावकऱ्यांपर्यंत सगळ्यांची समजूत एकच होती की महारोगाने मांस झडतं. ब्रँड यांनी हातपाय जवळून पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की मांस रोगाने झडत नाही. रोग फक्त नस, म्हणजे मज्जातंतू, मारतो. मग दुखत नाही म्हणून माणूस गरम भांडं तसंच धरतो, जखमेवर तसाच चालतो. काहींची बोटं रात्रीतून नाहीशी होत, त्याचा पत्ता लागेना. पहारा ठेवल्यावर दिसलं की झोपलेल्या माणसाची बोटं उंदीर कुरतडताहेत आणि त्याला जाग येत नाही. त्यानंतर घरी जाणाऱ्या पेशंटबरोबर मांजर द्यायची रीत पडली. उपचारांच्या इतिहासात मांजराचं प्रिस्क्रिप्शन दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

चालताना तळव्याच्या एकाच जागी पुन्हापुन्हा दाब पडतो. ज्याला कळतं तो नकळत लंगडतो, पाय किंचित तिरका टाकतो, भार वाटून घेतो. बधिर पाय एकाच तालात एकाच जागी आपटत राहतो. आधी तिथे घट्टा होतो, मग घट्ट्याखाली रक्त साचतं, मग भोक पडतं. यावर वेल्लोरकडे दोन उपाय होते. एक म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला, त्यांना आजही एम.सी.आर. चपला म्हणतात. दुसरा म्हणजे पावलाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लॅस्टर, म्हणजे भार एका जागी न पडता पसरतो. जखम झाकून वर प्लॅस्टर घालायचं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण जखम चिघळत होती ती चालण्याने.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या ध्यानात आलं की मधुमेह्यांच्या पायाची जखम हुबेहूब तीच आहे. वेल्लोरच्या वॉर्डातलं ज्ञान अशा वाटेने मधुमेहाकडे आलं. १९८९ मध्ये ते चाचणीवर घासून पाहिलं गेलं. ४० पेशंटपैकी प्लॅस्टरवाल्या २१ जणांमधल्या १९ जणांची जखम भरली, तीही सरासरी ४२ दिवसांत. नुसतं ड्रेसिंग केलेल्या १९ जणांत भरली ६ जणांची. त्याच्या पुढच्याच वर्षी सिएटलमधल्या ८० पाय कापण्यांचा मागोवा घेतला तेव्हा दिसलं की दर पाचांत चारांहून जास्त वेळा सुरुवात एका जखमेने झाली होती, आणि तिच्याआधी काहीतरी क्षुल्लक, म्हणजे चावणारा बूट वगैरे.

साखर आटोक्यात ठेवली की नसा वाचतात का? १९९३ च्या डी.सी.सी.टी. नावाच्या मोठ्या चाचणीने हो म्हटलं. १,४४१ पेशंट, सगळे लहान वयातल्या मधुमेहाचे, आणि कडक नियंत्रण ठेवलेल्यांत नसांचा विकार ६० टक्क्यांनी कमी. पण उतारवयातल्या, म्हणजे आपल्या घराघरांतल्या मधुमेहात हा फायदा इतका ठळक दिसत नाही. शुगरचा रिपोर्ट चांगला आला म्हणून पायाकडे पाहायचं नाही, हे बरोबर नाही. मधुमेह मुळात टाळता येतो का, यावर चेन्नईच्या रामचंद्रन यांची २००६ ची चाचणी आपल्यासाठी महत्त्वाची. काठावर असलेल्या ५३१ जणांत चालणं आणि खाण्यातला बदल यांनी धोका २८.५ टक्क्यांनी घटला. तो विषय मोठा आहे, इथे एवढंच.

भारतातला पाय थोडा निराळा आहे. पाश्चात्त्य देशांत तुंबलेल्या धमन्यांचा वाटा मोठा, आपल्याकडे बधिरपणा आणि जंतुसंसर्ग यांचा. कारणं रस्त्यावर दिसतात. देवळात, घरात, गोदाघाटाच्या दगडांवर आपण अनवाणीच असतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ओल्या मातीत कामं चालतात. कुरूप झालं की ब्लेडने तासायचं, पाय आखडले की गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचे. अलीकडे काशाच्या वाटीचं यंत्र घेऊन तळवे चोळून देणारे जागोजागी बसलेले असतात. तळवा काळा होतो तो धातू आणि तेलामुळे, अंगातलं विष निघून नव्हे. चोळण्याला माझी हरकत नाही, आजीही चोळायची. फक्त तळव्याला काही कळत असलं पाहिजे. २००४ च्या सुमारास नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांच्या पुढाकाराने 'स्टेप बाय स्टेप' नावाचा उपक्रम सुरू झाला, तो हे सगळं ध्यानात घेऊनच. एका डॉक्टरबरोबर एक नर्स किंवा सहायक, अशा जोड्यांना पायाची तपासणी आणि जखमेची देखभाल शिकवायची. मोठी यंत्रं लागत नाहीत, हे त्यातलं मर्म.

तपासणीचं हत्यार म्हणजे नायलॉनचा एक धागा. १८९० च्या दशकात फॉन फ्राय या शास्त्रज्ञाने स्पर्श मोजायला केस वापरले होते. १९६० मध्ये सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी केसाच्या जागी नायलॉन आणला. कारव्हिलमध्येच पुढे ठरलं की १० ग्रॅम दाबाला वाकणारा धागा ज्याला कळत नाही, त्याचा पाय धोक्यात आहे.

तोही नसेल तर? २०११ मध्ये इंग्लंडच्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी धाग्याऐवजी नुसतं बोट वापरून पाहिलं, आणि उत्तरं धाग्याशी बऱ्यापैकी जुळली. माणसाला डोळे मिटून आडवं व्हायला सांगायचं. आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एकेकदा, सेकंदभर, हलकेच लावायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. त्याने 'उजवा', 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त वेळा तो गप्प राहिला, तर वणीला जाण्याआधी डॉक्टरांकडे जायचं, आणि गेलाच तर चपला घालून.