बिटर मागवा, पण आयपीएच्या मापाने मोजू नका

2009 मध्ये पुण्यात डूलाली हा ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर स्वतः बनवणारा पब, सुरू झाला. त्यानंतर ब्रूपबमध्ये जाणारी अख्खी पिढी इथे तयार झाली आणि तिला आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडवट बिअर, तोंडपाठ आहे. संत्र्या-पपनसाचा वास, साडेपाच ते साडेसात टक्के अल्कोहोल, घशात रेंगाळणारा कडवटपणा. त्यावर शब्द खर्च करत नाही. घोटाळा होतो तो इंग्लिश बिटर या पारंपरिक बिअरचा. मेनूवर ती दिसली की लोक आयपीएची धाकटी बहीण समजून मागवतात आणि दोन घोटांत निकाल देऊन मोकळे होतात, "पाणचट आहे, गॅसही गेलाय." हे ऐकून ऐकून कान किटले.

किरकोळ फरक आधी उरकतो. साधी बिटर 3.2 ते 3.8 टक्क्यांची, बेस्ट बिटर 4.6 पर्यंत, स्ट्राँग त्याच्याही वर. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल जातीची, म्हणजे फुलांचा, थोडा मातकट वास. साधी आणि बेस्ट बिटर साधारण 25 ते 40 आयबीयूची (हे कडूपणाचं माप), अमेरिकन आयपीए 40 ते 70. म्हणजे कडूपणात आयपीएच वरचढ. रंगावरून ओळखायला जाऊ नका, फसाल.

खरी गोम आहे गॅस आणि तापमानात. इंग्लंडच्या पबमध्ये पारंपरिक बिटर पिंपातून येते, तीही जिवंत यीस्टसकट. शेवटचं आंबवणं तळघरात त्या पिंपातच होतं, त्यातून जो गॅस तयार होतो तेवढाच तिच्यात राहतो. वरून गॅस सोडत नाहीत, हातपंपाने बिअर ओढून ग्लासात घेतात. तापमान 11 ते 13 अंश. नेहमीच्या लागर बिअरमध्ये असतो त्याच्या जेमतेम निम्मा गॅस. मोठ्या ब्रुअऱ्या गाळलेली, वरून गॅस भरलेली केग बिअर सगळीकडे रेटू लागल्या, तेव्हा 1971 मध्ये ही पद्धत वाचवायला कॅम्रा ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली.

एवढा आटापिटा कशासाठी? माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी. बिटरचा सगळा डोलारा मॅरिस ऑटरसारख्या जवाच्या माल्टवर उभा असतो. त्याची बिस्किटासारखी खरपूस चव, क्रिस्टल माल्टची टॉफी आणि इंग्लिश यीस्टमधून येणारा फळांचा वास, हे सगळं गारठ्यात गप्प होतं. फ्रीजमधून थेट काढलेल्या हापूसला कुठे वास येतो? त्यात गॅस जास्त असला की त्याचं आम्ल जिभेला टोचतं. मग माल्ट गायब, उरतो नुसता हॉपचा कडवटपणा आणि अल्कोहोल मुळातच कमी. म्हणजे चार अंशांवर बिटर पाणचट लागते ती खरंच लागते, पण दोष ती वाढण्याच्या पद्धतीचा असतो. आयपीएतले हॉप्स एवढे दणकट की ती गारठ्यातही निभावून नेते.

आपल्याकडे बिअर बहुतेक ठिकाणी गारच येते. तेव्हा बर्फात ठेवलेला मग मुळीच घेऊ नका. मला त्या मगाचा मनापासून राग आहे. साधा ग्लास मागा, तळव्यात धरा, हलकेच फिरवत थोडा गॅस जाऊ द्या आणि दहा मिनिटं थांबा. आधी नाकाला फक्त पाल्यासारखा वास लागतो. मग भाजलेल्या पावाची कड, त्यामागून मार्मलेड. घोट गिळल्यावर कडवटपणा येतो, गोडसरपणा पुसतो आणि निघून जातो. लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटतो. बिटर बनवतात ती यासाठीच.

सँपलरच्या, म्हणजे चवीपुरत्या छोट्या ग्लासांच्या फळीवर बिटर आयपीएच्या आधी प्या. उलट क्रम केलात तर जीभ बधिर झालेली असते आणि मग कुठलंही मत देण्यात अर्थ नाही.

गॅस कमी असणं वेगळं आणि बिअर बिघडणं वेगळं, हेही लक्षात ठेवा. उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत उतरणीला लागतं. व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ग्लास बेधडक परत करा. आणि सिट्रासारखे संत्र्या-पपनसाच्या वासाचे हॉप्स ठासून बिटरची पाटी लावलेली दिसली, तर ती खुशाल आयपीए म्हणून प्या.

सोबत खारे शेंगदाणे पुरे, फार तर चेडर चीज. शेजवान काही मागवू नका, त्या तिखटापुढे माल्ट टिकत नाही.