टर्की (शब्द)

‘टर्की’ या इंग्रजी शब्दाचे दोन मुख्य अर्थ आहेत. आद्याक्षर मोठे लिहिले तर तो तुर्कस्तान या देशाचे नाव ठरतो आणि लहान लिहिले तर गळ्याखाली लाल लोळी लोंबणाऱ्या, पिसारा फुलवून ऐटीत फिरणाऱ्या एका थोराड पाळीव पक्ष्याचे. तुर्की भाषेत या दोहोंना वेगळे शब्द आहेत : देश ‘त्युर्कीये’, तर पक्षी ‘हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानातला. पक्षी मात्र या दोन्ही देशांचा नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला असून मेक्सिकोतील लोकांनी त्याला सुमारे २,००० वर्षांपूर्वी माणसाळवले. आझ्टेकांच्या नाव्हात्ल भाषेत त्याला ‘वेशोलोत्ल’ म्हणत व त्यावरूनच मेक्सिकोच्या स्पॅनिशमधला ‘ग्वाहोलोते’ हा शब्द आला.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पॅनिशांनी हा पक्षी युरोपात नेला. इंग्रजीत ‘टर्की-कॉक’ हा शब्द १५४१ पासून आढळतो आणि १५५० मध्ये विल्यम स्ट्रिकलंड या दर्यावर्दी जमीनदाराला मिळालेल्या कुलचिन्हावर पिसारा फुलवलेला टर्की आहे. हे नाव का पडले, याविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ते मुळात आफ्रिकेतून उस्मानी (ऑटोमन तुर्कांच्या) मुलखामार्गे येणाऱ्या गिनी फाउल या कोंबडीसारख्या पक्ष्याचे होते आणि अमेरिकेचा पक्षी आल्यावर दिसण्यातल्या साम्यामुळे त्यालाही चिकटले. दुसऱ्या मताप्रमाणे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या, ‘तुर्की व्यापारी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजांनीच हा नवा पक्षी लंडनच्या बाजारात आणला. या व्यापाऱ्यांच्या टर्की कंपनीला सनद मिळाली १५८१ मध्ये, म्हणजे शब्द रूढ झाल्यावर चाळीस वर्षांनी. तेव्हा नावाचे श्रेय निदान त्या कंपनीला देता येत नाही. पहिले मत अधिक पटण्याजोगे आहे. पुढे १७५८ मध्ये लिनीअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने पक्ष्याला ‘मेलिआग्रिस गॅलोपाव्हो’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘मेलिआग्रिस’ हे गिनी फाउलचे ग्रीक नाव असल्याने बाजारातला घोटाळा शास्त्रातही कायमचा नोंदला गेला.

तुर्की ‘हिंदी’ची कथाही अशीच आहे. कोलंबस ज्या भूमीला पोहोचला तिला युरोपीय लोक बराच काळ ‘इंडीज’ म्हणत होते, आणि त्या इंडीजमधून आलेला पक्षी साहजिकच हिंदुस्थानी ठरला. ही समजूत एकट्या तुर्कांची नव्हती. फ्रेंच ‘दँद’ हा ‘भारताची कोंबडी’ या अर्थाच्या शब्दप्रयोगाचा संक्षेप आहे, पोलिश ‘इंदिक’ आणि रशियन ‘इंदेइका’ त्याच अर्थाचे आहेत, आणि डच भाषेने तर बंदराचा पत्ताच दिला : ‘काल्कून’ म्हणजे कालिकतचा कोंबडा. पोर्तुगीजांनी पेरू देशावरून त्याला ‘पेरू’ म्हटले. अरबीत, विशेषतः इजिप्तमध्ये, तो ‘दीक रूमी’ आहे. त्यातील रूम म्हणजे बायझंटाइन (पूर्व रोमन) आणि पुढे उस्मानी मुलूख, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या रुमी मस्तकीतला तोच. वस्तू जिथे जन्मली त्या देशाचे नव्हे, तर जिथून आली असे वाटले त्या देशाचे नाव तिला चिकटते. आपली दालचिनीही फारसी ‘दारचीनी’वरून आली असून त्याचा अर्थ चीनचे लाकूड असा आहे, खाणारा तो श्रीलंकेची साल खात असला तरी. तुर्कीत मक्याला ‘मिसिर’ म्हणतात आणि इजिप्त देशालाही तेच नाव आहे, तर इटालियनमध्ये तोच मका ‘ग्रानतुर्को’ म्हणजे तुर्की धान्य. गिनी फाउलला तुर्क ‘बेच तावू’ म्हणतात. बेच हे व्हिएन्नाचे जुने उस्मानी नाव. आफ्रिकेच्या पक्ष्याला तुर्कीत अशी ऑस्ट्रियाची राजधानी मिळाली.

तुर्कीत ‘हिंदी’ हा शब्द केवळ पक्ष्यासाठी वापरला जातो. भारताला ‘हिंदिस्तान’, भारतीय माणसाला ‘हिंतली’ आणि हिंदी भाषेला ‘हिंत्चे’ म्हणत असल्यामुळे बोलताना घोटाळा होत नाही. नवीन वर्षाच्या आदल्या रात्री पुष्कळ तुर्की घरांत बेदाणे आणि चिलगोजे घातलेल्या भातासह भाजलेला हिंदी वाढतात. ऐट करणाऱ्याला ‘हिंदीसारखा फुगतो’ म्हणतात, आणि गप्प विचारात बुडालेल्याला ‘हिंदीसारखा काय विचार करतोस’ असे विचारतात. या दुसऱ्या प्रयोगाशी मुल्ला नसरुद्दीनची एक गोष्ट जोडली जाते. बाजारात एक इवलासा पोपट भरमसाट किमतीला विकला जाताना पाहून मुल्ला घरी गेला आणि आपला हिंदी काखेत मारून आला. त्याने सांगितलेली किंमत ऐकून लोक हसले, म्हणाले, पोपट बोलतो तरी. मुल्ला म्हणाला, ‘तो बोलतो, हा विचार करतो.’ नसरुद्दीन तेराव्या शतकातला मानतात, तेव्हा अमेरिकेतला हा पक्षी त्याच्या काखेत असणे शक्य नव्हते. गोष्टीत तो नंतर शिरला हे उघड आहे, पण तिची गंमत त्याने कमी होत नाही.

अमेरिकी इंग्रजीत ‘टर्की’ला आणखी अर्थ फुटले. साफ पडलेल्या नाटकाला किंवा चित्रपटाला टर्की म्हणतात. तुर्कीत त्यासाठी इटालियनवरून आलेला ‘फियास्को’ चालतो. ‘टॉक टर्की’ म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणे, तुर्कीत ‘आचिक कोनुश्माक’, अर्थात उघड बोलणे. व्यसन एका दमात सोडण्याला इंग्रजीत ‘कोल्ड टर्की’ म्हणतात, तर तुर्की माणूस ‘बिचाक गिबी केस्मेक’, म्हणजे सुरीने कापावे तसे तोडणे, असे म्हणतो. यांपैकी कोणत्याच तुर्की प्रयोगात पक्षी नाही.

देशाने मात्र या शब्दाशी नाते तोडायचे ठरवले. डिसेंबर २०२१ मध्ये तुर्की सरकारने परदेशी व्यवहारातही ‘त्युर्कीये’ हेच नाव वापरण्याचा आदेश काढला आणि जून २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ते स्वीकारले. देशाचे नाव पक्ष्याशी आणि फसलेल्या गोष्टींशी जुळते, ही त्यामागची एक तक्रार होती. बोलीभाषेतल्या इंग्रजीत जुने नाव अजून सर्रास चालते.

ज्या हिंदुस्थानाचे नाव या पक्ष्याला मिळाले, तिथे तो परदेशी नवल म्हणूनच आला. १६१२ मध्ये मुकर्रबखान या मोगल सरदाराने गोव्याला जाऊन फिरंग्यांकडून दुर्मीळ वस्तू विकत घेतल्या आणि त्यांतले काही पक्षी-प्राणी जहांगीर बादशहापुढे नेले. असे प्राणी आपण कधी पाहिले नव्हते आणि त्यांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती, असे बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्याने केलेले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे : माजावर आला की डोके आणि मान पोवळ्यासारखी लाल, थोड्या वेळाने तीच जागा कापसासारखी पांढरी, कधी पिरोजाच्या रंगाची, डोक्यावरचे मांस एकदा हत्तीच्या सोंडेसारखे वीतभर लोंबते आणि आखडले की गेंड्याच्या शिंगासारखे दोन बोटे उभे राहते. जहांगीरचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हिंदी भाषेत पुढे पोर्तुगीज नावावरून ‘पीरू’ हा शब्द आला. मराठीत पेरू हे फळ, आणि पक्ष्याला इंग्रजीतून आलेले ‘टर्की’ हेच नाव चालते.