इन्युइटांची उंच लाथ: खरी कसोटी उतरताना

दोरीला सीलच्या कातड्याचा छोटा चेंडू टांगलेला असतो. खेळाडू दोन्ही पायांवरून उडी घेतो, एका पायाने चेंडूला स्पर्श करतो आणि त्याच पायावर उतरतो. तोल स्थिरावण्याआधी दुसरा पाय टेकला की प्रयत्न बाद. प्रत्येक उंचीला तीन संधी मिळतात. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांच्या या ‘एकपायी उंच लाथे’त अव्वल पुरुष खेळाडू 9 फुटांच्या, म्हणजे जवळपास पावणेतीन मीटरच्या वर पोहोचतात.

एवढी उंची गाठता येते कशी? उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 1 मीटरवर असतो. जोरदार उडीत तो 60-70 सेंटीमीटर वर जातो, उरलेलं अंतर ताणलेला पाय भरून काढतो. पण असल्या उडीत हवेत मिळतात जेमतेम 0.7 सेकंद. चेंडूला स्पर्श होतो तो उडीच्या माथ्यावर, त्यामुळे डोक्याच्याही वर गेलेला पाय पुन्हा अंगाखाली आणायला उरतो सेकंदाचा तिसरा हिस्सा. नवख्यांचा पाय चेंडूपर्यंत जातो, पण वेळेत परतत नाही.

‘दोनपायी’ प्रकारात पाय जुळवून चेंडू गाठायचा आणि दोन्ही पायांवर एकदमच उतरायचं. दोन्ही पायांचं मिळून वजन शरीराच्या सुमारे एक तृतीयांश असतं. हवेत आधाराला काहीच नसल्याने पाय वर झटकले की धड आपोआप पुढे, पायांकडे झुकतं. म्हणून पोटाचे आणि मांडीच्या मुळाचे स्नायू बळकट लागतात. एकपायी प्रकारात दुसरा पाय खाली लोंबता राहतो, त्यामुळेच तिथे जास्त उंची मिळते.

पडण्याचं बीज बहुधा जमीन सोडतानाच पेरलेलं असतं. पाय उचलायच्या घाईत धड मागे टाकलं की शरीराला मागे फिरण्याची गती मिळते. ती हवेत नाहीशी करता येत नाही. स्पर्श अगदी नेमका झाला तरी माणूस पाठीवर पडतो. धावत फार वेगाने आलं तर शरीर चेंडूच्या पुढे वाहवत जातं. शेवटची पावलं आखूड ठेवून वेग वरच्या दिशेला वळवणं हेच यातलं खरं कसब.

परंपरेने सांगतात की शिकार साधल्याची खूण म्हणून दूरवरच्या वस्तीला अशी उडी मारून दाखवत. हिवाळ्यात घरातल्या अपुऱ्या जागेतही खेळता येईल असा प्रकार म्हणजे अलास्कन उंच लाथ. जमिनीवर बसून उजव्या हाताने डावं पाऊल धरायचं, डावा हात जमिनीवर रोवायचा, कंबर उचलत उजव्या पायाने चेंडू गाठायचा आणि पकड न सोडता त्याच पायावर उतरायचं. इथे आधाराचा खांदा खचला की संपलं.

अलास्कातल्या फेअरबँक्सला 1961 मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड एस्किमो-इंडियन ऑलिम्पिक्स’मध्ये आणि 1970 मध्ये कॅनडातल्या यलोनाइफला सुरू झालेल्या आर्क्टिक हिवाळी स्पर्धांत हे प्रकार खेळले जातात. तिथे प्रतिस्पर्धीच एकमेकांना पाय कुठे चुकला ते सांगतात, आणि पुढचा खेळाडू ते ऐकून उडी सुधारतो.