‘असीम’ योजनेचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि अडणाऱ्या जागा

विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील इन्क्युबेशन केंद्रांमधून (नव्या उद्योगकल्पनांना जागा आणि मार्गदर्शन देणारी केंद्रे) अनुसूचित जातींतील तरुणांच्या उद्योगांना भांडवल मिळावे, यासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 30 सप्टेंबर 2020 रोजी आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन, म्हणजे ‘असीम’, सुरू केले. यात तीन वर्षांत 30 लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. ते अनुदानही नाही आणि कर्जही नाही. त्या रकमेच्या बदल्यात अनुसूचित जातींसाठीचा व्हेंचर कॅपिटल फंड तुमच्या कंपनीत भागधारक होतो.

पहिली अडचण इथेच येते. ‘उद्यम’, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, कागद म्हणजे कंपनी नव्हे. ज्या व्यवसायात शेअरच नाहीत, त्यात फंड भागधारक होणार कसा? म्हणून आधी कंपनी नोंदवावी लागते आणि तिचे किमान 51 टक्के भांडवल अनुसूचित जातीच्या प्रवर्तकांकडे असावे लागते. वर्गातले तीन मित्र एकत्र येतात, मैत्रीला जागून समान वाटे करतात, आणि त्यांतला एकच अनुसूचित जातीचा असेल तर 33 टक्क्यांवर पात्रता संपते. वाटे ठरवण्याआधी हा नियम वाचला असता तर पुढचा खर्च वाचला असता.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची, आणि महाराष्ट्रात ती सर्वांत चिवट आहे. घरातल्या दाखल्यावर जात ‘नवबौद्ध’ लिहिलेली असते. राज्याच्या सवलतींना तो चालतो, पण केंद्राच्या यादीत त्या नावाची जात नाही. बौद्धांना 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचे हक्क मिळाले, तरी दाखल्यावर मूळ जात आणि बौद्ध धर्म, दोन्हींचा उल्लेख असलेला केंद्रासाठीचा नमुना हवा. तो प्रांत कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी वडील-आजोबांचे शाळेचे निर्गम उतारे लागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर काय, याचे उत्तर खिडकीवर सहसा कोणी नीट देत नाही; तेव्हा महसुली नोंदींची नक्कल आधीच काढून ठेवावी. विवाहित मुलींनी दाखल्यावर माहेरचे आणि पॅनवर सासरचे नाव असल्यास विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडावे.

तिसरी गोष्ट शिफारशीची. महाविद्यालयाच्या उद्योजकता कक्षाचे किंवा विभागप्रमुखांचे पत्र पुरत नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने उभारलेल्या टेक्नॉलॉजी बिझनेस इन्क्युबेटरमध्ये तुमची कल्पना घेतलेली असावी लागते. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या केंद्राच्या विद्यार्थी स्पर्धेत पारितोषिक मिळवलेल्यांना वेगळी वाट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने नवोपक्रमांसाठी मंडळ नेमण्याची तरतूद केली आहे, पण आपल्या विद्यापीठाचे केंद्र या व्याख्येत बसते का, हे कंपनी नोंदवण्याआधीच तिथल्या व्यवस्थापकांना लेखी विचारावे.

पॅन, बँकेचे विवरण, कंपनीची घटनापत्रे आणि सनदी लेखापालाने दिलेले भागधारणेचे प्रमाणपत्र ही बाकीची कागदपत्रे नेहमीचीच आहेत. मूळ उद्दिष्ट चार वर्षांत 1,000 तरुणांचे होते, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता सध्या अर्ज घेतले जात आहेत का, याची खात्री फंडाकडून करून घ्यावी.